आढ्यावरचे दोन पारवे

दवाखान्यात आक्काला शेवटचं भेटलो, तेव्हा तिनं स्वतःच्या तब्येतीबद्दल चकार शब्द काढला नाही. नाकात नळी, हाताला सलाइन. मला खूण करून जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "वानरं आली व्हती का रे?" मी म्हणालो, "न्हाई." आली होती. त्याच दिवशी सकाळी दहा-बारा वानरांचं टोळकं मागच्या चिंचेवरून थेट तिच्या घरावर उतरलं होतं, आणि मी, नातवंडं असलेला निवृत्त माणूस, भर गल्लीत उभा राहून चमच्यानं ताट बडवत होतो. पण हे तिला सांगितलं असतं तर ती सलाइन उपटून घरी निघाली असती. "न्हाई" ऐकून तिला बरं वाटलं. "बराबर ध्यान ठेव," एवढं म्हणून तिनं डोळे मिटले... दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा, आक्काच्या लेकीचा, प्रज्ञाचा फोन आला. "मामा..." एवढंच ती बोलली. पुढचं मला समजलं.

आता महिना उलटून गेला. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, सुमन. हिंगोली जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत तिनं नर्स म्हणून सगळी नोकरी काढली. तिला पोचवायला आलेल्या माणसांपैकी निम्म्यांना तिनं जन्मताना पाहिलं होतं आणि उरलेल्यांना कधी ना कधी सुई टोचली होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. आक्का म्हणणारा मी एकटाच. ती मला 'इंजिनेर' म्हणायची, आणि त्यात कौतुक कमी, टोमणाच जास्त असायचा. कारण मी सरकारी बांधकामात ओव्हरसियर होतो आणि माझ्या उभ्या नोकरीचं सार एवढंच, की कौलं काढा, स्लॅब टाका. शाळा असो, दवाखाना असो, चावडी असो, मी पोचलो की उतरतं छप्पर जायचं आणि सपाट यायचं. त्या कामाचा मला अभिमान होता, खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे. आणि माझीच सख्खी बहीण हिंगोलीत आमच्या भागातल्या शेवटच्या कौलारू घरात राहत होती! ओळखीचे लोक मुद्दाम विचारायचे, "काय साहेब, घरचंच काम राहिलं काहून?" मी म्हणायचो, दिव्याखाली अंधार.

ते घर मूळचं मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडत व्यापाऱ्याचं. शेठजींनी हौसेनं मंगळुरी कौलं मागवली, ती रेल्वेच्या वाघिणीतून हिंगोली स्टेशनात उतरली आणि तिथून बैलगाड्यांनी घरापाशी आली. गाडीतून शिडीनं छपरावर पोचवायची ती बिगारी बायकांनी, आणि त्या बायकांत आमची माय होती. साधी कौलं एकावर एक रचून डोक्यावरून नेता यायची. आढ्यावरची कौलं मात्र नखऱ्याची. छपराचे दोन उतार वर जिथं मिळतात, त्या शेंड्यावर पालथी घालायची ही कौलं. प्रत्येकाच्या पाठीवर कोंबड्यासारखा कातरलेला तुरा, आणि दोन्ही टोकांच्या कौलांवर एकेक पारवा बसलेला, त्याच मातीचा, त्याच भट्टीतला. तुऱ्यामुळं ती एकमेकांवर बसत नसत, एकेक न्यावी लागत. माय सांगायची, "साधी डोक्यावर नेली, तुऱ्याची कडंवर नेली." कडेवर, म्हणजे लेकरू नेतात तशी. त्या वेळी आक्का तिच्या पोटात होती. आक्का म्हणायची, "मंग म्या बी चढले की त्या घरावर."

आम्ही लहान असताना बाजाराला जाता-येता माय त्या घरासमोर थांबायची आणि वर बोट दाखवायची. "त्यो टेसनाकडं बघणारा पारवा दिसला का? त्यो म्या वर नेला. आन् मोंढ्याकडं बघणारा बी म्याच." दोन्ही पारवे एकमेकांकडं पाठ करून बसलेले होते, भांडण झालेल्या भावंडांसारखे. माय त्या घरावर चढली होती, पण त्या घरात ती कधी गेली नव्हती. त्या काळात आम्हाला आत कोण घेणार होतं? हे सांगताना मायच्या आवाजात राग नसायचा, आणि मला तेच जास्त लागायचं.

पुढं शेठजी गेले, त्यांची मुलं पुण्याला स्थायिक झाली आणि घर विकायला निघालं. ते आक्कानं घेतलं. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं, त्यात पहिला मी. नवीन वस्तीत चांगला प्लॉट मिळत होता, मी नकाशासुद्धा काढून ठेवला होता. आमचे दाजी शांत माणूस. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला घर न्हाई घ्यायचं, तिला छप्पर घ्यायचंय." आक्का घरात राहायला गेली त्या दिवशी समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला, बुद्धाची मूर्ती ठेवली, वंदना झाली. मायला आक्कानं हाताला धरून आत आणलं. माय खोलीच्या मधोमध बसली, मान वर करून वासे, पट्ट्या, कौलांची आतली बाजू बघत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, "आतून आसं दिसतं व्हय!" थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटायचं, आतून बी तुरे आसतील." आक्का हसता हसता रडायला लागली. माझंही तेच झालं, पण मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेलो. मायनं शेवटची वर्षं त्याच छपराखाली काढली आणि तिथंच डोळे मिटले. तिच्यामागं दोन-तीन वर्षांत दाजीही गेले.

आता वानरांकडं येतो. आक्का निवृत्त झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वानरांच्या दोन टोळ्यांचं भांडण झालं, आणि त्यांनी त्यासाठी सगळी हिंगोली सोडून आक्काचं आढं निवडलं. नऊ तुऱ्याची कौलं फुटली आणि स्टेशनाकडचा पारवा आपल्या कौलासकट खाली आला. नशीब, खाली केरकचऱ्याचा ढीग होता. कौलाची एक कड उडाली, पारवा शाबूत राहिला. मी लगेच गेलो, आढ्याकडं बघितलं आणि, आता लपवून काय करू, मला आनंद झाला. म्हटलं, "आक्का, आता तरी सोड. स्लॅब नको तर नको, पत्रे टाकू. दोन दिवसांचं काम." ती पारव्यावरची माती पदरानं पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "हे मायच्या कडंवरून वर गेलेलं हाय. पत्र्यासाठी म्या खाली घेणार न्हाई." मी म्हणालो, हा हट्ट आहे. ती म्हणाली, हट्टच आहे. मग आमची कडाक्याची जुंपली. मी तिच्या अडाणीपणावर बोललो, ती माझ्या गळक्या स्लॅबांवर बोलली, आणि आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. शेवटी प्रज्ञानं पुण्याहून तोडगा काढला. मृग लागेपर्यंत कौलं मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर पत्रे. आक्कानं ते कबूल केलं, पण एक अट घातली. कौलं शोधायला गाडी मी चालवायची.

आढं शाकारणारे रशीदभाई हे हिंगोलीतले त्या कामातले अखेरचे जाणकार. त्यांनी शिडीवरून फुटक्या कौलांची पाहणी केली आणि खाली येऊन गुडघे चोळत बसले. "सिस्टर, साधा कौल यहाँ नहीं बैठता. इसकी पीठ चौडी है. ऐसाच होना," आणि मग जरा थांबून, "और जल्दी लाओ. ये मेरी आखरी शाकारणी. घुटने जवाब दे रहे." आधी आम्ही मोंढ्यातली दुकानं पालथी घातली. तिथल्या पोरांनी मोबाइलवर कौलांचे फोटो दाखवले, निळी, हिरवी, जांभळी, आणि सगळी पत्र्याची. नांदेडला एका वखारीत खरी मंगळुरी कौलं होती, पण आढ्याची बिनतुऱ्याची आणि पाठ अरुंद. मी पार दक्षिणेतल्या कारखान्यांना फोन लावले. एकानं सभ्यपणे सांगितलं, की तो साचा त्याच्या वडिलांच्या काळातच मोडीत निघाला. मी आक्काला म्हणालो, "झालं समाधान?" ती म्हणाली, "नवीन मिळत न्हाई म्हणून काय झालं, जुनी कुठंतरी पडली आसतीलच की."

आणि मग आमचे दौरे सुरू झाले. नमुना म्हणून पारव्याचं कौल टॉवेलात गुंडाळून, बाजारच्या पिशवीत घालून आक्का मांडीवर घेऊन बसायची. गावात शिरलो की ती आधी छप्पर बघायची आणि मग माणूस. पण माणसं तिला सोडत नसत. "सिस्टर आल्या!" अशी हाक उठायची, चहा यायचा, म्हाताऱ्या बाया गुडघे पुढं करायच्या, सुना लेकरं पुढं करायच्या. तीही प्रत्येकाची बीपी-शुगर विचारल्याशिवाय उठत नसे. मला वाटायचं, आपण कौलं शोधतोय की शिबिर भरवतोय? पण त्या चहाच्या मधूनच कौलं निघायची. कुणाच्या परसात, कुणाच्या हौदापाशी. आखाडा बाळापूरला एका घरी तुऱ्याचं कौल उलटं ठेवून त्यात कोंबड्यांना पाणी पाजत होते. आक्का कोंबड्या हुसकून लावणार तेवढ्यात घरची म्हातारी आडवी आली. "आन् माझ्या कोंबड्यांनी कशात प्यावं?" आक्कानं तिथल्या तिथं मला दुकानात पिटाळलं आणि एक नवंकोरं घमेलं आणवलं. घमेल्यात कोंबड्या नीट पितात की नाही हे बघितल्यावरच म्हातारीनं कौल सोडलं. तेव्हापासून माझ्या गाडीच्या डिकीत कायम तीन-चार घमेली असायची. कौलाच्या बदली घमेलं, हा आक्काचा कायदा. असं करत पाच कौलं जमली. चार कमी होती, आणि मृग आठ दिवसांवर आला होता.

त्या दिवशी जवळा बाजारचा बाजार होता. उन्हात फिरून फिरून आक्काचे हात भरून आले. बाजाराच्या कडेला लिंबाच्या झाडाला दगडी पार होता, त्यावर तिनं पारव्याचं कौल पिशवीतून काढून उभं ठेवलं, टॉवेल घाम पुसायला घेतला आणि म्हणाली, "चल, अर्धा-अर्धा चहा घेऊ." कौल कोण नेणार, या विचारानं आम्ही निवांत गेलो. चहा प्यायलो, भजी खाल्ली, भज्यांवरून थोडं भांडलो. परत येऊन बघतो तर पारव्याला हळद-कुंकू लागलेलं! पुढं फुटलेला नारळ, दोन उदबत्त्या, कण्हेरीची फुलं, आणि चार बाया हात जोडून उभ्या. हळदीच्या मुलखात हळदीला काय तोटा, पारवा पार पिवळाजर्द झाला होता. मला हसू आवरेना. आक्काचा चेहरा मात्र बघण्यासारखा होता. आयुष्यभर जिनं गावोगाव अंगारे-धुपारे सोडा, दवाखान्यात चला, असं घसा फोडून सांगितलं, तिनंच अर्ध्या तासात नवा देव बसवला होता.

त्या बायांत पुढं होती ती जवळच्या तांड्यावरची जमनाबाई, सत्तरीची, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. आक्का तिला म्हणाली, "बाई, ह्यो देव न्हाई. माझ्या घरावरचं कौल हाय."

जमनाबाईनं एकदा पारव्याकडं आणि एकदा आक्काकडं बघितलं. "आसंल," ती म्हणाली, "पर घर राखतंय ना? मंग हात जोडले तर काय बिघडलं?"

आक्का पारावर जमनाबाईशेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं. माय, कडेवरून नेलेली कौलं, वानरं, कमी पडलेली चार. जमनाबाई ऐकत होती आणि ऐकता ऐकता कौलाचा तुरा बोटानं चाचपत होती. मग म्हणाली, "आसलीच तर आमच्या साळंवर व्हती."

"कुठं हायत आता?" आक्का ताडकन उठली.

"एक इंजिनेर आला व्हता. समदी काढून टाकली त्यानं आन् वर सिमिट घातलं. तवापासून साळा गळून राहिली."

मी बाजाराकडं बघायला लागलो. मिरच्यांचे ढीग, दोरखंडं, चपला, सगळं मला एकदम फार बघण्यासारखं वाटू लागलं. आक्कानं गोड आवाजात विचारलं, "कोन इंजिनेर व्हता, बाई?"

"कोन जाणं. बारीक व्हता. मोठ्या मिशा व्हत्या."

मिशा मी निवृत्तीच्या दिवशी काढल्या होत्या. आक्का माझ्या ओठाच्या वरच्या भागाकडं एकटक बघत राहिली आणि मग अशी हसली, अशी हसली, की तिला पारावर टेकून बसावं लागलं. मलाही आठवलं. जीपमधून उतरून मी स्वतः सांगितलं होतं, ही कौलं मागं टाकून द्या.

जमनाबाईनं पारव्याला पाणी घालून धुतलं, पदरानं कोरडं केलं आणि आक्काच्या हातात दिलं. "घराचं हाय, घरी जाऊ द्या." आणि आमच्याच गाडीत बसून ती आम्हाला तांड्यावर घेऊन गेली. तिथं मी टाकून दिलेलं काहीही वाया गेलं नव्हतं. साध्या कौलांनी कुणाचा गोठा झाकला होता, तुऱ्याच्या कौलांची शाळेपुढच्या रोपांना आळी केली होती. आक्कानं ती हातानं पुसून पारव्याच्या कौलाला लावून बघितली. तीच पाठ, तोच तुरा. चार काय, सात निघाली. मी डिकी उघडून घमेली काढायला लागलो, तर जमनाबाई म्हणाली, "घमेलं नगं. साळा गळती, त्याचं काय?" तोवर तांड्यावरची बरीच माणसं जमली होती. आक्कानं मला हाताला धरून शाळेत नेलं, वर्गाच्या कोपऱ्यात ओल उतरलेल्या जागेखाली उभं केलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ह्यो घ्या तुमचा इंजिनेर. बिनमिशांचा हाय, पर त्योच हाय. ह्याला ठेवून घ्या आन् मला कौलं द्या!"

सगळा तांडा हसला. त्या दिवशी मला राग आला होता हे मी कबूल करतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि रशीदभाई शाळेच्या स्लॅबवर होतो. पाणी जायचा उतारच मी नीट दिला नव्हता. पाणी मधे साचत होतं आणि वाट काढत होतं. वर्षानुवर्षं मी सह्या करून पुढं निघून गेलो होतो, परत जाऊन वर बघितलं नव्हतं. तीन दिवस आम्ही तो स्लॅब खरवडला, उतार काढला, वर चुन्याचा थर दिला. दुपारी तांड्यावरून भाकरी आणि ठेचा यायचा. पोरं खालून ओरडायची, "इंजिनेर, पाणी पायजे का?" मी कित्येक इमारती उभ्या केल्या असतील, पण पाऊस पडल्यावर फोन करून "गळतं का?" असं मी फक्त त्या एका शाळेबद्दल विचारलं. गळत नव्हतं.

मृगाच्या दोन दिवस आधी आक्काचं आढं शाकारलं गेलं. ती गल्लीत स्टुलावर बसून वर सूचना देत होती आणि रशीदभाई त्या न ऐकता काम करत होते. शेवटी पारव्याचं कौल वर गेलं. रशीदभाईंनी ते चुन्यात बसवलं, हात झटकले आणि शिडीवर पाय ठेवला, तेव्हा मी खालून ओरडलो, "अहो, उलटं बसवलंत! त्याचं तोंड स्टेशनाकडं पायजे!" पारव्याची पाठ बाहेर आणि तोंड आत झालं होतं, थेट दुसऱ्या पारव्याकडं. फुटकी कड आतल्या कौलाखाली झाकावी म्हणून त्यांनी तो फिरवला होता. रशीदभाई वरून बघत राहिले. आक्का म्हणाली, "राहू द्या. लई वर्सं भांडून बसले व्हते." आणि माझ्याकडं न बघता तिनं चहा टाकायला सांगितलं... आम्ही दोघं लहानपणापासून भांडत आलो. त्या दिवसापासून आमची भांडणं बंद झाली असं नाही, पण आठ-आठ दिवसांचा अबोला पुन्हा कधी झाला नाही.

आढं झालं तरी आक्कानं कौलं मागणं थांबवलं नाही. लग्नात, मयतीत, बसस्टँडवर, जो भेटेल त्याला ती सांगायची, "तुऱ्याचं कौल दिसलं तर आणून दे." मी म्हणायचो, "आता कशाला?" तर म्हणायची, "वानरं काय एकदाच येत आसतेत का?"

ती गेल्यावर प्रज्ञानं पुण्याहून कामाचा लॅपटॉप आणला आणि तेव्हापासून ती त्या घरातच राहतेय. आठव्या दिवशी मला म्हणाली, "मामा, मला हे घर विकायचं नाही. पण दर वर्षी शाकारणी करायला मी कुठून येऊ? आणि रशीदभाई आता शिडी चढत नाहीत. तुम्हीच इतकी वर्षं सांगत होता ना, स्लॅब टाका म्हणून? टाका. एस्टिमेट काढा." बरोबरच होतं तिचं. एवढं साधं, सरळ, इंजिनेरच्या डोक्याचं बोलणं आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी केलं होतं. मी म्हणालो, काढतो. घरी आलो, कागद घेऊन बसलो. माप टाकलं, खोडलं. दोन आठवडे मी ते एस्टिमेट काढतच होतो.

आणि मधल्या काळात कौलं येत राहिली. तेराव्या-चौदाव्या दिवशी सेनगावकडचा एक माणूस एसटीनं आला आणि पोत्यात गुंडाळलेलं कौल ओट्यावर ठेवून गेला. मग कळमनुरीहून दोन आली. जमनाबाईनं तांड्यावरच्या जीपमधून तीन पाठवली, सोबत ज्वारीच्या भाकरी. काहींना आक्का गेल्याचं माहीत होतं, तरी त्यांनी आणली. "सिस्टरनं सांगितलं व्हतं," एवढंच म्हणायचे. काहींना माहीत नव्हतं. असाच एक जण मागच्या रविवारी मोटारसायकलवर आला. तिशीचा, शेती करणारा, पाठीला गोधडीत बांधलेलं कौल. मीही तिथंच होतो. प्रज्ञानं त्याला सांगितलं, तेव्हा तो ओट्यावर खाली बसला. म्हणाला, "म्या जन्मलो तवा रडलोच न्हाई म्हणे. सिस्टरनं उलटं धरून दोन धपाटे घातले तवा रडलो. माय अजून सांगती." मग गोधडी सोडत म्हणाला, "आता हे कुनाला देऊ?" प्रज्ञानं दोन्ही हात पुढं केले. ते जड असतं हे तिला माहीत नव्हतं. तिचा तोल जरा गेला, आणि तिनं ते कडेवर घेतलं.

तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या घरावर आता एकाही कौलाला जागा उरलेली नाही आणि ओटा भरून गेला आहे. तेव्हा मी ठरवलं, की माझ्या घराच्या गच्चीवर, जिन्याच्या तोंडाशी, कौलारू छप्पर करायचं. लहानसंच. स्लॅबवर कौलं! जे मला ओळखतात ते हसतील, हसू देत. काल दुपारी कागद घेतला, त्याच्यावर आधी लिहिलेलं एस्टिमेट पालथं घातलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला नकाशा काढायला लागलो. एवढ्या नोकरीत मी उतरत्या छपराचा नकाशा कधी काढला नव्हता. उतार किती ठेवायचा हे काही केल्या ठरेना. आणि सवयीनं मी फोन उचलला, आक्काचा नंबर लावला. रिंग वाजायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं... पण फोन उचलला गेला. तो प्रज्ञापाशीच आहे.

"मामा, बोला."

आता बोलणं भाग होतं. "छपराचा उतार किती हाय गं तिथं?"

"एस्टिमेटसाठी पाहिजे का?"

"न्हाई. माझ्या गच्चीवर कौलं टाकून राहिलो."

मग तिनं विचारलं, "आणि आमच्या स्लॅबचं?"

"ते तू दुसऱ्या इंजिनेरकडून करून घे."

ती हसली, बराच वेळ हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला. "थांबा, मोजून सांगते. फोन ठेवू नका." फरशीवरून शिडी ओढल्याचा आवाज आला, भिंतीला लागल्याचा आला, मग एकेक पायरी कुरकुरली. मी ओरडून सांगत होतो, "अगं हळू, कौलावर पाय देऊ नको, वाशावर दे," पण फोन बहुधा तिच्या खिशात होता. मग एकदम वारा ऐकू आला आणि तिचा आवाज.

"मामा, इथून तर पार स्टेशन दिसतं हो!... आणि टेप खालीच राहिली. तुम्हीच या."

मी चपला घातल्या.